नवरा न्यू जर्सीत, नोकरी पुण्यातली. तिकडून काम केलं तर चालतं का?

कोथरूडची
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत लग्न झालं आमचं, नवरा अमेरिकन सिटिझन, एडिसनला असतो, मार्चमध्ये आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा ग्रीन कार्डचा पहिला अर्ज) भरलाय आणि आता नुसतं वाट बघणं. मी पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे, सहा वर्षं झाली, घरूनच काम. टूरिस्ट व्हिसा आधीपासून आहे, म्हणून तीन महिने त्याच्याकडे जाऊन राहावं आणि लॅपटॉप सोबत न्यावा असं चाललंय. लीड म्हणतो पगार इथेच रुपयांत जमा होणार, कुणाला काय फरक पडतो? पण मला आतून धाकधूक वाटतेय. आणि इमिग्रंट व्हिसावर गेल्यानंतर हीच नोकरी तिथून करता येते का? आईबाबांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीतूनच आहे, सोडणं सोपं नाही.

डॅलसवाली
तुझी धाकधूक बरोबर आहे गं. पगार कुठल्या बँकेत येतो यापेक्षा काम करताना तू बसलीयेस कुठे, ते महत्त्वाचं. मी के-१ वर (होणाऱ्या नवऱ्याकडे येण्याचा व्हिसा) आले, ९० दिवसांच्या आत लग्न केलं, मग आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज) आणि सोबत ईएडीचा, म्हणजे काम करायच्या परवान्याचा अर्ज. ईएडी हातात यायला सात महिने लागले, तेवढे दिवस बिनपगारी रजा. लॅपटॉप कपाटात वरच्या कप्प्यात साड्यांच्या मागे ठेवला होता, तरी मॅनेजरचे फोन यायचे, एकच फाईल बघ, दोन मिनिटांचं काम आहे, आणि नाही म्हणताना रडू यायचं मला. पण आय-४८५ मध्ये सरळ विचारतात, परवानगी नसताना काम केलंय का. तिथे खरं तेच लिहायचं होतं. त्यातच आजी गेली, अॅडव्हान्स पॅरोल (अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत यायची परवानगी) आलेलं नव्हतं, त्याशिवाय देश सोडला की अर्ज बाद, म्हणून शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं. तू हा रस्ता घेतला नाहीस ते फार बरं केलंस.

एडिसनकर
ताईंशी सहमत. एक भर घालतो, तिथे राहूनच ग्रीन कार्ड केलं आणि नवरा सिटिझन असेल तर विनापरवानगी कामाला कायद्यात माफी आहे, सगळेच करतात म्हणतात ते त्यावरूनच. पण फॉर्मवर किंवा एअरपोर्टवर खोटं बोललात तर ते वेगळं प्रकरण होतं आणि फार महागात पडतं. तुमची केस मुंबईहून होणार, बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. भेटायला जरूर जा, रजेचं पत्र आणि परतीचं तिकीट जवळ ठेवा, आय-१३० भरलाय का विचारलं तर हो सांगा.

सीआर-१ वर (तुम्हाला मिळणार तो इमिग्रंट व्हिसा) उतरलात की त्या दिवसापासून काम करायची मोकळीक, मालक पुण्यातला असो नाहीतर कुठलाही. शिवाय आय-८६४ मध्ये (नवरा भरतो ते आर्थिक हमीपत्र) नवऱ्याचं उत्पन्न कमी पडत असेल तर तुमचा पगारही धरता येतो, फक्त हीच नोकरी तिकडे गेल्यावरही चालू राहणार हे दाखवावं लागतं. म्हणून एचआरकडून आत्ताच लेखी घ्या, लीडच्या तोंडी शब्दावर राहू नका.

सीए_नाशिक
टॅक्सचं पण बघा. तिथे बसून कमावलेला पगार अमेरिकेत रिटर्नमध्ये दाखवावाच लागतो, इथे टीडीएस कापला तरी. कायमचं गेलात की इथलं सेव्हिंग खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला द्यायचा फॉर्म. आणि म्युच्युअल फंड असतील तर निघायच्या आधी दोन्हीकडचं कळणाऱ्या माणसाला दाखवा, अमेरिकेत त्यांचा हिशोब फार किचकट आहे, माझ्या दोन क्लायंटना नंतर खूप त्रास झाला.

डॅलसवाली
आणि वेळेचं! सकाळी १० चा स्टँडअप (टीमची रोजची मीटिंग) म्हणजे उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे साडेबारा. त्याबद्दलही एचआरशी आधीच बोल.

कोथरूडची
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल नवऱ्याशी बोलले, तीन महिन्यांऐवजी तीन आठवडे, पूर्ण रजा टाकून, आणि लॅपटॉप ऑफिसात जमा करून जाणार. त्यालाही वाईट वाटलं पण पटलं. पीसीसी (पोलिसांचा दाखला) आत्ताच काढून ठेवू का?

एडिसनकर
आत्ता नको, केस एनव्हीसीकडे (व्हिसाची कागदपत्रं गोळा करणारं अमेरिकेचं केंद्र) गेली की काढा, फार जुनं झालं तर परत काढावं लागतं.