अकरा वेळा आमदार, पण सांगोल्याच्या पाण्याचं काय? गणपतआबांवर चर्चा

धागाकर्ता:
३० जुलैला सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आपले आबासाहेब, यांची पुण्यतिथी आली की साधी राहणी, एसटीचा प्रवास असे मेसेज फिरतात. खोटं काहीच नाही त्यात, एसटीत खिडकीपाशी विधानसभा सदस्यांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं ना, त्या सीटवर खरंच बसणारे आमदार ते. पण साधेपणाचं कौतुक करता करता काम झाकलं जातं असं मला वाटतं. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, १९७२ आणि १९९५ ची हार सोडली तर २०१४ पर्यंत १९७४ ची पोटनिवडणूक धरून अकरा वेळा, आणि लाट कुणाचीही असो, तिकीट कायम शेकापचं (शेतकरी कामगार पक्षाचं). मंत्रिपद १९७८ ला पुलोदमध्ये (शरद पवारांच्या आघाडी सरकारात) आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. तरी दुष्काळी तालुक्यात शेतकऱ्यांची सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली. माझ्या मते असा आमदार महाराष्ट्राला पुन्हा मिळालेला नाही.

माणकाठ:
दादा, माणूस स्वच्छ होता यावर वादच नाही. पण ५० वर्षं एकच आमदार आणि २०१२-१३ ला तालुक्यात चारा छावण्या, याचं उत्तर कोण देणार? आम्ही छावणीत जनावरांशेजारी झोपलोय, टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावून ठेवलेल्या, अजून डोळ्यासमोरनं जात नाही. सत्तेत असलेल्यांनी पाणी आपापल्या भागात वळवलं आणि आपण तत्त्वाला धरून बसलो. तत्त्वावर डाळिंब जगत नाही हो.

धागाकर्ता:
छावणीचं दुखणं खरंय, पण पाणी कुठून येतं ते बघा की. कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलायचं, पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर, आटपाडी करत सांगोल्याला आणायचं, आपण अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. नीरा उजव्या कालव्याचंही तेच. एकटा आमदार हे आणू शकत नाही हे ओळखूनच आबा क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत उभे राहिले, १३ दुष्काळी तालुके एकत्र केले. वर्षानुवर्षं तीच मागणी लावून धरली नसती तर योजना कागदावरच राहिली असती.

माणकाठ:
लढले, मान्य. पण मागणी करणारा आणि फाइलवर सही करणारा यात फरक असतो ना. दोनदा मंत्रिमंडळात जाता आलं तर अजून जाता आलं असतं, तालुक्यासाठी तेवढी तडजोड करायला पाहिजे होती.

सूतगिरणीवाल्यांची लेक:
भाऊ, तडजोड केली असती तर लोकांनी अकरा वेळा निवडून दिलं असतं का? माझे वडील गिरणीत होते, पगार झाला की आई त्याच दिवशी वाण्याची उधारी फेडायची, शाळेच्या फीला कधी अडलं नाही. पाऊस नसलेल्या वर्षी ही केवढी गोष्ट आहे ते शेती करणाऱ्यालाच कळेल. माझी तक्रार वेगळीय. पुढची फळी तयार झाली नाही. २०१९ ला आबा थांबले, नातू उभे राहिले आणि ७६८ मतांनी जागा गेली, २०२४ ला परत आली ती दुसऱ्या नातवामुळे, बाबासाहेबांमुळे. इतक्या वर्षांत घराबाहेरचा एक कार्यकर्ता उभा करता आला नाही का पक्षाला?

माणकाठ:
ताई, हे मात्र पटलं. पाण्याचं माझं म्हणणं तेच राहील.