राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग: खासदारांची सलग यादी कशी लावावी?

खाजणवाट: तळकोकणातल्या खासदारांचा 1957 पासूनचा तक्ता करतोय. नाथ पै, मधु दंडवते आणि विनायक राऊत एकाच स्तंभात चालतील का? आणि अनंत गीते रत्नागिरीत धरायचे की रायगडात?

सड्यावरचा: एका स्तंभात नकोच. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेपर्यंत इथे दोन जागा होत्या: राजापूर (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा आणि त्याला लागून रत्नागिरीचा दक्षिण भाग) आणि वरची रत्नागिरी. दोन्ही 2009 पासून मोडीत निघाल्या.

राजापूर: 1957, 62, 67 नाथ पै (प्रजासमाजवादी). जानेवारी 1971 मध्ये ते गेले. त्याच वर्षीच्या निवडणुकीपासून 1989 पर्यंत सलग पाच वेळा मधु दंडवते. 1984 च्या काँग्रेस लाटेतही त्यांनी जागा राखली, हे तक्त्यात ठळक करा. 1991 ला काँग्रेसचे सुधीर सावंत, मग 1996 ते 2004 चारही वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू.

रत्नागिरी: 1957 प्रेमजीभाई आसर (जनसंघ, त्या वर्षी पक्षाचे देशभरात चारच खासदार होते), 1962 आणि 67 शारदा मुखर्जी, 1971 शांताराम पेजे, 1977 आणि 80 बापूसाहेब परुळेकर, 1984 हुसेन दलवाई, 1989 आणि 91 गोविंदराव निकम, 1996 ते 2004 अनंत गीते.

खाजणवाट: म्हणजे गीते 2009 ला मतदारसंघ सोडून गेले?

सड्यावरचा: त्यांच्या जुन्या जागेचा उत्तरेकडचा भाग, म्हणजे दापोली आणि गुहागर, रायगडला जोडला गेला. गीते तिथून 2009 आणि 2014 ला निवडून आले, 2019 ला सुनील तटकरेंकडून हरले. तक्त्यात त्यांची नोंद दोन ठिकाणी करा आणि शेजारी खूण ठेवा.

बंदरकर: नवीन रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये सहा विधानसभा क्षेत्रं: चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. 2009 निलेश राणे (समोर सुरेश प्रभू होते), 2014 आणि 2019 विनायक राऊत, 2024 नारायण राणे. या शेवटच्या निकालात फरक 47,858 चा. नुसता हा आकडा लिहिलात तर गंमत निसटते: रत्नागिरी जिल्ह्यातल्या तीन क्षेत्रांत राऊत पुढे होते, सिंधुदुर्गातल्या तिन्हींनी राणेंना तारलं.

जुन्या राजापूरची 2004 ची टक्केवारी 2009 शी थेट ताडू नका. हद्दही बदलली आणि विधानसभा क्षेत्रंही, त्यामुळे कल पक्षाचा की नकाशाचा, हे कळणारच नाही. तुलना हवीच असेल तर 2009 नंतरचीच.

खाजणवाट: सहा क्षेत्रांची बेरीज एकूण मतांशी जुळत नाहीये.

बंदरकर: टपाली मतं. लोकसभेला ती मुख्यालयात वेगळी मोजतात, क्षेत्रांत वाटत नाहीत. नमुना 20 मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, त्यांची ओळ वेगळी असते. ती मिळवलीत की जुळेल. ‘नोटा’ची मतं 2014 पासूनच आहेत, त्याआधीच्या वर्षांत तो रकाना रिकामा सोडा, शून्य लिहू नका.