शनिवारच्या शोबद्दल

देशपांडे (बी-४०३): काल गच्चीवर 'खिचडी'चा सिनेमा दाखवलात, समितीचे आभार. पण निम्मे लोक मधूनच खाली उतरले, हे कोणी लिहिणार आहे का? मीटिंगमध्येच सांगितलं होतं, मालिकेचे चार भाग लावा. बावीस मिनिटांची गंमत दोन तास ताणता येत नाही.

साळवी (सेक्रेटरी): काका, नमस्कार 🙏 निम्मे नाही, आठ-दहा जण उतरले. त्यातले काही लिफ्ट बंद व्हायच्या आत घरी जावं म्हणून.

कामत काकू (ए-२०१): लिफ्ट बंद होणार हे कळवायची पद्धत नाही का आपल्याकडे? मी जिन्याने उतरले. नोंद असावी.

मोहिते (ए-१०४): काळा लांब एक्स्टेन्शन बोर्ड माझा आहे. कोणी नेला असेल तर आणून द्यावा.

तन्वी (बी-३०१): मला आवडला सिनेमा. पण एक विचारू? हंसा पडद्यावर आली आणि तिने तोंड उघडायच्या आतच सगळे हसले. मला कळेना काय झालं. मालिका २००२ची, तेव्हा माझा जन्मही नव्हता.

निनाद (सी-५०२): तन्वी, खरी अडचण तीच. मालिकेतल्या माणसांशी आपली ओळख हळूहळू, आठवड्याआठवड्याने होते. सिनेमाला तेवढी उसंत नसते. ओळख करून देत बसलं तर जुने प्रेक्षक जांभया देतात, नाही दिली तर तुझ्यासारखे बाहेरच राहतात.

फडके (बी-१०२): आला, आमचा एडिटर आला. आता निबंध येणार.

कामत काकू: येऊ दे की. तुमच्या गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा बरा.

देशपांडे: विषय भरकटवू नका. बावीस मिनिटांची गंमत दोन तास ताणता येत नाही.

निनाद: काका, नुसत्या लांबीचा प्रश्न नाही हो. मालिकेत भाग संपला की सगळं होतं तिथे परत येतं. सासरे बाबूजी वैतागलेले, मुलगा प्रफुल तसाच, सून हंसा झोपाळ्यावर. आपल्याला तेच हवं असतं. सिनेमाला मात्र शेवटी काहीतरी बदललेलं दाखवावं लागतं. आता हंसा शहाणी झाली तर ती हंसा राहत नाही. आणि कोणीच बदललं नाही तर माणूस उठताना म्हणतो, एवढा वेळ बसलो कशाला? २०१०च्या सिनेमात म्हणून हंसाच्या भावाच्या, हिमांशूच्या प्रेमाची गोष्ट लांबवर ओढली. २०२३च्या दुसऱ्या भागात तर अख्खं कुटुंब पांथुकिस्तान नावाच्या काल्पनिक देशात नेलं. पण त्या माणसांची गंमत एका दिवाणखान्यात आहे. तिथून कोणाला पळता येत नाही, म्हणून बाबूजींची चिडचिड चढत जाते. मोकळ्या मैदानात नेलं की ती वाफ निघून जाते.

फडके: म्हटलं नव्हतं?

कामत काकू: आणि पहिल्या सिनेमात दुसऱ्या सुनेचं, जयश्रीचं काम करणारी बदलली. वंदना पाठकच्या जागी निमिषा वखारिया. ती वाईट नव्हती, पण माझं अर्धं लक्ष त्यातच गेलं. २०२३ला वंदना परत आली तेव्हा बरं वाटलं.

मोहिते: बोर्डाला पिवळी पट्टी आहे.

साळवी: मोहिते साहेब, वॉचमनला विचारलंय.

देशपांडे: त्यापेक्षा दूरदर्शनवरची 'चिमणराव' मालिका आठवा. प्रभावळकर आणि बाळ कर्वे. एक खोली, दोन माणसं, आणि हसून पुरेवाट.

फडके: काका, ते चिं. वि. जोशींच्या पुस्तकांवरून होतं. लेखणीच तशी असली की निम्मं काम झालंच.

देशपांडे: मला माहीत आहे कोणाचं होतं ते. टाकीच्या वेळीही तुम्ही मला असंच शिकवायला आला होतात.

साळवी: कृपया टाकीचा विषय इथे नको.

कामत काकू: निनाद, मग सरकारी कचेऱ्यांवरच्या 'ऑफिस ऑफिस' मालिकेचं काय? सिनेमा २०११चा, 'चला मुसद्दी'. पंकज कपूर तोच, दिग्दर्शक राजीव मेहरा तोच. मुसद्दीलालला पेन्शनवाल्यांनी कागदोपत्री मारून टाकलेलं, तो जिवंत असल्याचं सिद्ध करत फिरतो. तिथे गोष्ट होती ना? तरी मालिकेइतकं हसू का नाही आलं?

निनाद: काकू, नेमकं बोललात. मालिकेत मुसद्दीलाल दर वेळी नव्या खात्यात जायचा आणि तीच मंडळी वेगळ्या टेबलामागे बसलेली असायची. आज उषाजी कोणत्या खुर्चीत, याचीच वाट पाहायची. आठवड्यातून एक खेटा, त्यावर हसू येतं. दोन तासांत तेच खेटे पाठोपाठ घातले की तिसऱ्या टेबलापाशी आपल्याला हसू येत नाही, राग यायला लागतो. मला तरी तसं झालं.

तन्वी: मग हे कधीच जमत नाही का?

निनाद: जमतं. अमेरिकेत 'ब्रेडी बंच' नावाची १९६९ ते ७४ची मालिका होती. १९९५च्या सिनेमात त्यांनी ते कुटुंब सत्तरच्या दशकातच ठेवलं, कपडे, बोलणं सगळं, आणि भोवतीचं जग नव्वदचं केलं. घरच्यांना वाटतं आपण अगदी नॉर्मल, शेजारी बघतच राहतात. नव्या प्रेक्षकाला शेजाऱ्यांच्या नजरेतून आत शिरता येतं. उलट २००५चा 'बिविच्ड'. निकोल किडमन होती, पण सिनेमा त्याच नावाच्या जुन्या मालिकेचा रिमेक करणाऱ्या लोकांवर. हुशारी भरपूर, पण ज्यासाठी लोक आले ती चेटकिणीच्या संसाराची मजा बाजूलाच राहिली.

देशपांडे: परदेशी उदाहरणं पुरे. पुन्हा सांगतो, बावीस मिनिटांची गंमत दोन तास

देशपांडे: ताणता येत नाही. आधीचा मेसेज अर्धा गेला.

फडके: काका, आम्हाला पाठ झालंय.

तन्वी: 'साराभाई व्हर्सेस साराभाई' मालिकेवर सिनेमा आला तर? मी तो २०१७चा वेबवरचा सीझन पाहिलाय.

कामत काकू: सतीश शाह २०२५ला गेले ग. त्यांच्या इंद्रवदन साराभाईच्या जागी दुसरं कोणी बसवलं तर मी तरी बघणार नाही.

साळवी: मीही नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेवर मात्र छान होईल असं मला वाटतं.

देशपांडे: अजिबात होणार नाही. साळवी, सेक्रेटरी म्हणून नाही, प्रेक्षक म्हणून विचार करा.

निनाद: इथे मी काकांच्या बाजूने. 'टिपरे' मुळात प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून आलं. आबांची, म्हणजे टिपरे आजोबांची रोजनिशीच ती. शिऱ्याचं काहीतरी बिनसलं, शेखर-श्यामलाची कुरबुर, रात्री आबांनी चार ओळी लिहिल्या, संपलं. सिनेमा म्हटलं की कोणीतरी लगेच आजारपण, घराची विक्री, मुलगा परदेशी असलं काही घालणार. मग आबा रडवणार. त्यांचं काम ते नव्हतं.

देशपांडे: निनाद, इतकी वर्षं शेजारच्या विंगमध्ये राहतोस, पहिल्यांदा पटलं तुझं काही.

मोहिते: बोर्ड मिळेपर्यंत पुढचा शो लावू नये ही विनंती.

कामत काकू: माझं ऐका. पुढच्या वेळी आधी 'ऑफिस ऑफिस'चा एक भाग लावा आणि मग सिनेमा. तन्वीसारख्यांना मुसद्दी कोण ते कळेल, आणि कोण किती हसलं तेही दिसेल. लिफ्टची वेळ आधी कळवा.

साळवी: मतदान टाकतो. आज रात्रीपर्यंत मत द्यावं, एकाने एकदाच.

तन्वी: काकूंच्या बाजूने एक.

निनाद: चालेल. पण भाग मी निवडतो. चुकीचा भाग लागला तर सिनेमाच बरा वाटेल लोकांना.

देशपांडे: भाग निवडताना मी तुझ्यासोबत बसणार. उद्या संध्याकाळी तुझ्याकडे येतो. फडक्यांना बोलावू नकोस.

फडके: मी ग्रुपवरच आहे, काका.