जुनं जीटीएक्स 1060 ओव्हरक्लॉक करू की नको? वर अकोल्याचा उन्हाळा

अकोलेकर:
राम राम मंडळी. माझ्याकडे जीटीएक्स 1060 ग्राफिक्स कार्ड आहे, 6 जीबीवालं. 2019 मध्ये सेकंडहँड घेतलं, तेव्हापासून एकदाही उघडलं नाही. सायबरपंक 2077 हा गेम खेळतो, 1080पी, बहुतेक सेटिंग मीडियम. सुरुवातीला 38 एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) मिळतात, अर्ध्या तासात 33 वर येतात. टेंपरेचर 83 ला जाऊन तिथंच थांबतं. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) 450 वॅटचा. ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे कार्ड ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायला, आफ्टरबर्नर सॉफ्टवेअर टाकून दोन महिने झाले, पण स्लायडरला हात लावायची हिंमत होत नाही. यंदा बहिणीची फी भरायची आहे. हे कार्ड गेलं तर दुसरं येणार नाही, म्हणून आधी विचारतो.

निळास्क्रीन:
कोर (मुख्य चिप) +150, मेमरी +500 मेगाहर्ट्झ टाक बिनधास्त. माझ्या 1060 वर वर्षभर हेच आहे.

दुरुस्तीवाला:
अकोलेकर भाऊ, हे आकडे टाकू नका. त्यांच्या कार्डाला झेपले म्हणून तुमच्या कार्डाला झेपतील असं नाही. दोन सारख्या कार्डांची चिपसुद्धा सारखी निघत नाही. मी अमरावतीला बारा वर्षं कार्डं उघडतोय, रोज बघतो.

तुमचं खरं दुखणं 83 या आकड्यात आहे. या कार्डाची तापमानाची मर्यादा कंपनीनंच 83 ला लावलेली असते. कार्ड तापत गेलं की ते साधारण 13 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी स्वतःच क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, उतरवतं. कागदावर बूस्ट वेग 1708 मेगाहर्ट्झ दिसतो, पण थंड असेल तर हेच कार्ड 1900 च्या आसपास सहज पळतं. म्हणजे तुमचा हक्काचा वेग धुळीत अडकलाय. तो आधी सोडवा.

ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा गरगरला तर बेअरिंग खराब होतं. मग मागचे चार स्क्रू आडवे-तिरपे, थोडे थोडे सैल करा. कार्डाचा कूलर हळूच उचला, पंख्याची वायर बोर्डाला जोडलेली असते, हिसका बसला तर तुटते. चिप आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असेल. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवीन पेस्ट लावा, मेमरीवरचे पॅड फाटू देऊ नका. हात थरथरत असेल तर माहितीतल्या मेकॅनिककडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक, आपल्याकडचं. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओली हवा आणि धूळ मिळून कार्डाच्या कूलरच्या पत्र्यांवर जो थर बसतो तो ब्लोअरनं निघत नाही.

नंतर आफ्टरबर्नर. पॉवर लिमिट पूर्ण उजवीकडे न्या, व्होल्टेजला अजिबात हात लावू नका. कोर 25-25 नं वाढवा आणि दर वेळी युनिजिन हेवन ही कार्डाची चाचणी पंधरा मिनिटं चालवा. स्क्रीन काळी होऊन ड्रायव्हर परत उठला तर घाबरू नका, ते कार्ड जळल्याचं लक्षण नव्हे. दोन पायऱ्या मागे या. मेमरी त्यानंतर, 100-100 नं. रंगीत ठिपके दिसले किंवा आकडा वाढवूनही एफपीएस घटले, तर तिथून मागे फिरा. विंडोजबरोबर सेटिंग आपोआप लागू होण्याची खूण आठवडाभर करू नका, नाहीतर मशीन चालू होताच अडकेल.

आणि चाचणी मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता घ्या. जानेवारीच्या रात्री पास झालेलं सेटिंग मी उन्हाळ्यात कोसळताना पाहिलंय.

450 वॅट पुरेसे आहेत, कार्ड 120 वॅटचं आहे. फक्त 6 पिनची वायर थेट एसएमपीएसमधून आलेली हवी. मोलेक्सचा (जुन्या 4 पिनच्या प्लगचा) जोड लावलेला असेल तर ओव्हरक्लॉकचा विषयच सोडा.

ऑरेंजसिटी:
दादांनी सगळं सांगितलंच. उन्हाळ्यापुरता उलटा मार्गही आहे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज आणि वेगाचा वक्र उघडेल. 0.900 व्होल्टला 1850 मेगाहर्ट्झ धरून पुढची रेघ सपाट करा. टिकलं नाही तर 1800 करा. वेग जवळपास तोच, उष्णता बरीच कमी. मी एप्रिल ते जून असंच चालवतो.

अकोलेकर:
दादा, रविवारी कार्ड उघडलं. तुम्ही म्हणाला तशीच पेस्ट, नखानं खरवडली तर भुकटी झाली. आणि वायर खरंच मोलेक्सवरून जोडलेली होती! विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. एसएमपीएसमध्येच 6 पिनची वायर गुंडाळून पडली होती, ती लावली.

नुसत्या सफाईनं 83 चे 72 झाले, क्लॉक 1890 वर टिकतो, अर्ध्या तासानंतरही 37 एफपीएस. मग कोर +75, मेमरी +300 केली. +100 ला हेवन बंद पडत होतं. आता 40 मिळतात. एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी सोय) क्वालिटीवर ठेवलं तर 50 च्या पुढं. उद्या दुपारी तीनला, डेझर्ट कूलर बंद ठेवून पुन्हा चालवतो आणि आकडे इथंच टाकतो.