उथळ पाणथळ जागा खोदून खोल करावी का?

प्रश्न
पावसाळ्यानंतर गुडघाभर पाणी, उन्हाळ्यात तळ उघडा, अशी साधारण 2 हेक्टरची पाणथळ जागा. वर्षभर पाणी राहावं म्हणून ती 3 मीटर खोदून काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करायचा बेत आहे. एका कडेने सांडपाण्याचा नाला येतो, तिथे जलपर्णी माजली आहे. खोदून फायदा होईल का?

शेकाट्या
कृपया खोदू नका. पाणथळ जागा जाईल आणि तलाव उरेल. पाणी 10 सेंमीच्या वर गेलं की लहान तुतवारांना (पाणथळीतल्या छोट्या पक्ष्यांना) चिखलात चरताच येत नाही. तळ उघडा पडणं हा दोष नव्हे: चिखलाला हवा लागते, पाणवनस्पतींचं बी रुजतं, आणि शिकारी मासे टिकत नसल्याने बेडकांची पिल्लं वाचतात. उभ्या पिचिंगवर लव्हाळा मूळ धरत नाही, कासवाला वर चढता येत नाही.

शिवाय बऱ्याच ठिकाणी पाणी धरून ठेवतो तो तळाचा चिकणमातीचा थर. तो फुटला तर पाणी खाली जिरून जागा उलट लवकर आटते.

खोदायचंच ठरलं, तर मधला थोडाच भाग घ्या. काठाचा उतार 1:10 (10 मीटरला 1 मीटर खोली) किंवा त्याहून सौम्य हवा. वरचा 10 सेंमी गाळ आधी वेगळा काढून ठेवा आणि शेवटी परत पसरा, बियांचा साठा त्यातच असतो.

लव्हाळा
सहमत, पण आधी नाला. खोल, साचलेल्या पाण्यात तळाचा प्राणवायू संपतो. मग गाळात लोहाला बांधलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो आणि शेवाळ माजतं. काढायचाच तर नाल्याच्या तोंडाशी असलेला काळा, दुर्गंधीचा गाळ तेवढा काढा. तिथे गाळ बसायला खड्डा करा, पुढे 30 सेंमी पाण्यात पाणकणसाचा (उथळ पाण्यात वाढणाऱ्या उंच गवतासारख्या वनस्पतीचा) रुंद पट्टा ठेवा. पाणी पूर्ण रुंदीत पसरायला हवं. एकाच चरातून धावलं तर पट्टा असून नसल्यासारखा. सांडपाण्यातल्या नायट्रेटचा वायू करून चिखलातले जिवाणू तो हवेत सोडतात. फॉस्फरसला तशी वाट नाही, म्हणून तो शोषणारं पाणकणीस दरवर्षी कापून बाहेर न्यावंच लागतं. मात्र कच्च्या मैल्याचा पूर्ण भार हा पट्टा पेलत नाही, त्यावर आधी प्रक्रिया हवीच.

कमळकाकडी
जलपर्णी फुलण्याआधी हातांनी काढा. बी गाळात 15 वर्षांहून जास्त जगतं. ढीग काठावर ठेवला तर कुजून सगळं पाण्यात परत जातं, म्हणून निथळवून दूर न्या. तणनाशक मारून ती जागेवर सडू दिली तर प्राणवायू संपून मासे मरतात. एखादं रोप मागे राहिलं तरी धावत्या खोडांवरून पुन्हा पसरते, तेव्हा दर 15 दिवसांनी फेरी मारा.