अंदमान: बचत जहाजात नव्हे, बेटावर

अंदमानला जाताना विमानाचे भाडे वाचवण्यासाठी चेन्नईहून जहाजाने जावे, ही सूचना नोकरदार कुटुंबाला फारशी उपयोगाची नाही, असे माझे मत आहे. एका बाजूच्या प्रवासालाच तीनेक दिवस लागतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर बंक वर्गात (एकावर एक खाटा असलेल्या स्वस्त वर्गात) आडवे पडून राहण्याखेरीज काही करता येत नाही. खरी काटकसर तिथे पोहोचल्यावर करता येते. श्री विजयपुरमच्या (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) फिनिक्स बे जेट्टीवरून स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) येथे सरकारी बोटी जातात; त्या सावकाश चालतात व जागा लवकर भरतात हे खरे, पण खासगी कॅटामरानच्या (दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटीच्या) तुलनेत तिकीट बरेच स्वस्त असते.

शक्य असल्यास अधिक मुक्काम शहीद द्वीपावर ठेवावा. बेट लहान आणि बरेचसे सपाट असल्यामुळे भाड्याच्या सायकलीवर भरतपूर व लक्ष्मणपूर हे दोन्ही किनारे सहज होतात आणि टॅक्सीचा खर्च (तिथे तोच खिसा कापतो) पूर्णपणे टळतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या या बेटावर भाजीपाला पिकतो, त्यामुळे बाजारातल्या साध्या खाणावळीत भात, डाळ, भाजी आणि माशाचे कालवण रिसॉर्टपेक्षा पुष्कळ कमी पैशांत पोटभर मिळते. तिथला नैसर्गिक दगडी पूल पाहायचा असल्यास ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी आणि पायांत घट्ट बसणारे सँडल घालावेत, कारण वाटेतले प्रवाळी खडक निसरडे असून त्यांच्या कडा धारदार आहेत.