स्वीडिश पोरं इंग्रजीत गायली म्हणून त्यांचं गाणं उसनं होत नाही

निळी छत्री:
गेल्या आठवड्यात तंबोरा यांनी इथे चार ओळी टाकल्या होत्या. म्हणणं असं की स्वीडनचं इंडी पॉप, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेलं पॉप, ही निव्वळ नक्कल. गिटार अमेरिकेची, भाषा इंग्रजांची. आणि हळू आवाजात गाणाऱ्या या पोरापोरींना 'फोक' म्हणणं हा लोकसंगीताचा अपमान. वाचल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

मला हे संगीत वसतिगृहात असताना सापडलं. खोलीतल्या मैत्रिणीने एक व्हिडिओ दाखवला. दोन बहिणी झाडांमध्ये बसून गातायत, एक पंधरा वर्षांची, दुसरी सतरा. स्टॉकहोमच्या एन्शेडे भागातल्या क्लारा आणि योहाना सॉदरबर्ग, म्हणजे 'फर्स्ट एड किट'. साल २००८. गाणं फ्लीट फॉक्सेस या अमेरिकन बँडचं. तेवढ्यावरून म्हणाल तर हो, उसनं. पण त्या दोन आवाजांची जी वीण आहे ती कुणाकडून उसनी आणणार? एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर वाढलेल्या गळ्यांतच ती येते.

आता येन्स लेकमन हा गायक घ्या. २००७ च्या त्याच्या अल्बमच्या नावातच कोर्तेदाला आहे, स्वीडनच्या गोथेनबर्ग शहराचं एक उपनगर. त्यात शिरीन नावाच्या बाईवर गाणं आहे, ती राहत्या घरात लोकांचे केस कापते. दुसरं गाणं एवोकॅडो चिरताना बोट कापलं त्याचं. हे लंडनच्या कुठल्या गाण्याची नक्कल आहे ते सांगा. भाषा इंग्रजी असेल, पण त्यातला जिना, त्यातली शेजारीण, सगळं कोर्तेदालाचं आहे.

गायक होजे गोन्सालेसचं काय करणार? आईवडील अर्जेंटिनातून परागंदा झालेले, जन्म गोथेनबर्गचा १९७८ चा. घरात स्पॅनिश, रस्त्यावर स्वीडिश, गाणं इंग्रजीत. त्याची 'आपली' भाषा कुठली ते तुम्ही ठरवणार का?

तंबोरा:
ती पोस्ट माझीच, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

शब्दांपासून सुरुवात करतो. स्वीडनमध्ये 'फोल्कम्युझिक' म्हटलं की लोकांना फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन आठवतं, निक्केलहार्पा हे पट्ट्यांचं तंतुवाद्य आठवतं, पोल्स्का आठवते. तीन मात्रांचा नाच आहे तो, ठोका असा सरकतो की बाहेरच्या माणसाचा पाय हमखास चुकतो. गिटारवर एकट्याने शब्द सांगत गायचं ते वेगळं, त्याला 'वीसा' म्हणतात. अठराव्या शतकातला बेलमन, मग एव्हर्ट टाउबे, मग कोर्नेलिस व्रेसविक. आपल्याकडे लोकगीत निराळं आणि भावगीत निराळं, तसंच. गजाननराव वाटव्यांना कुणी शाहीर म्हणालं तर चालेल का तुम्हाला? मग या बहिणींना फोक का म्हणायचं? त्यांचं फोक अमेरिकेचं आहे. अमेरिकन कंट्री गायिका एम्मीलू हॅरिसवर गाणं लिहिलं, २०१२ चा अल्बम अमेरिकेतल्या ओमाहाला जाऊन केला. एन्शेडेतून ओमाहा दिसतं, आपल्याच देशातल्या दालार्ना प्रांतातलं फिडल दिसत नाही.

आणि तो 'टॉलेस्ट मॅन ऑन अर्थ', क्रिस्तियान मॅटसन, तर दालार्नाचाच! स्वीडिश लोकसंगीताचं माहेर ते. तिथला मुलगा गातो कुणासारखा, तर अमेरिकेच्या बॉब डिलनसारखा.

उत्तरायण:
गोथेनबर्गला दहाहून जास्त वर्षं झाली. ट्रामने कोर्तेदाला ओलांडून रोज कामाला जातो. तंबोरा, शब्दांचा भेद बरोबर सांगितलात, पण निष्कर्ष चुकला. मॅटसनचं बोटकाम कान देऊन ऐका. तो गिटारच्या तारा गाण्यागणिक वेगळ्या लावतो, मोकळ्या तारा सतत वाजत राहतात. मला त्यात इथल्या फिडलचा सततचा सूर ऐकू येतो. हे माझं ऐकणं आहे, पुरावा नव्हे.

छत्रीताई, तुमच्याशीही भांडण आहे. तुम्ही जे 'शोधलंत' ते तुमच्यासाठी आधीच इंग्रजीत बांधून ठेवलेलं होतं. इथल्या माणसाला विचारा तुझा गायक कोण, तो हॉकान हेलस्ट्रॉम म्हणेल. स्वीडिशमध्ये गातो. २०१४ साली इथल्या उल्लेवी स्टेडियमवर त्याला ऐकायला ६९ हजारांवर माणूस जमला. मी बाहेर उभा होतो, तिकीट नव्हतं. शेजारी साठीची एक बाई डोळे पुसत गात होती, कुंपणाला धरून. मला शब्द कळत नव्हते, त्या रात्री पहिल्यांदा त्याची लाज वाटली. पुढच्याच आठवड्यात भाषेच्या वर्गाला नाव घातलं.

केंट बँडचंही तेच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोन अल्बम इंग्रजीत करून पाहिले, मग तो नाद सोडला आणि २०१६ ला बँड बंद होईपर्यंत स्वीडिशमध्येच गायले. देशातला सगळ्यात मोठा रॉक बँड होता तो.

निळी छत्री:
'बांधून ठेवलेलं' हा शब्द लागला. पण अन्निका नॉर्लिनला कुठल्या खान्यात घालाल? 'हेलो सेफराइड' या नावाने इंग्रजीत गायली, मग 'सेकर्त!' या नावाने स्वीडिशमध्ये, आणि पुढे तीच स्वीडिश गाणी स्वतः इंग्रजीत आणली. एकाच बाईच्या तोंडात दोन्ही भाषा. तिची दोन्हीकडची गाणी आधी ऐका आणि मग मला नक्कल कुठली ते दाखवा.

रात्रपाळी:
होजे गोन्सालेस जगाला कळला तो टीव्हीच्या जाहिरातीमुळे. २००५, सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून अडीच लाख रंगीत चेंडू सोडले होते. त्यामागचं गाणंसुद्धा मुळात 'द नाइफ' या स्वीडिश जोडीचं. अल्बम स्वीडनमध्ये २००३ लाच आला होता, दोन वर्षं बाहेर कुणी विचारलं नाही. चांगलं गाणं चेंडूंच्या मागे धावत आपल्यापर्यंत यावं, याचा मला राग येतो.

जुनी पेटी:
भाषेवरून डोकी फोडताय, मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. एक कोटी वस्तीच्या देशातून इतके गाणारे येतात कुठून? तिथे गावोगावी पालिकेच्या संगीतशाळा आहेत. १९४० च्या दशकापासून पसरत गेल्या. वाद्य अल्प भाड्याने घरी नेता येतं. जगभरातल्या पॉप गायकांची गाणी लिहिणारा मॅक्स मार्टिनसुद्धा त्याच शाळांतून आला, तिथे फ्रेंच हॉर्न शिकला, आणि त्याचं श्रेय तो शाळेलाच देतो.

मी एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत संगीत शिकवलं. शाळेचं नाव घेत नाही. रुजू झालो त्या दिवशी कपाटातून पेटी काढली. भात्याला उंदराने रुपयाएवढं भोक पाडलं होतं. भाता दाबला की हवा फुस्स करून त्या भोकातून जायची आणि प्रत्येक सूर रडल्यासारखा वाजायचा. दुरुस्तीचा अर्ज केला. सहा वर्षांनी मंजूर झाला, तोवर मीच सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून काम चालवलं होतं. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून किती गळे गेले ते मला ठाऊक आहे. दोघी-तिघी अशा होत्या की त्यांना जंगलात बसवून व्हिडिओ काढायला हवा होता. त्या आता कुठे असतील माहीत नाही.

कृष्णाकाठ:
गुरुजी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आपल्याकडे काहीच नव्हतं असं नका म्हणू. आमच्या गावात दर एकादशीला भजन असतं. फी नाही, अर्ज नाही. माझा चुलता सातवी नापास, पखवाजावर भजनी ठेका धरला की देवळातली घंटा थरथरते. स्वीडनच्या पालिकेचं काय कौतुक सांगता?

निळी छत्री:
मुलींना देतात का तुमच्याकडे पखवाज?

कृष्णाकाठ:
टाळ देतात. मुली गातात की. आणि हा विषय कुठून आला?

निळी छत्री:
इथूनच आला. आजोळच्या देवळात मी दहा वर्षांची असताना पखवाजाला हात लावला. बुवांनी हात बाजूला केला आणि म्हणाले, "पोरी, तू आरतीचं ताट धर." माझा भाऊ माझ्याहून लहान, त्याला मांडीवर घेऊन शिकवलं. क्लारा सॉदरबर्ग पंधराव्या वर्षी गिटार घेऊन बसली तेव्हा तिच्या हातात कुणी ताट दिलं नाही. मला ती गाणी का लागली हे तुम्ही सगळे विचारताय ना, ते यामुळे. भाषेमुळे नाही.

कृष्णाकाठ:
एका बुवांवरून सगळ्या गावांना धोपटू नका. शहरात राहून गावाला नावं ठेवायची सवयच झालीय लोकांना!

जुनी पेटी:
बाळ, चिडू नकोस. मी वीसेक गावांत भजनस्पर्धांना परीक्षक म्हणून गेलोय. महिला मंडळं गायला उभी राहायची आणि पखवाजावर बहुतेक वेळा कुणाचा तरी दीर नाहीतर मुलगा बसलेला असायचा. अपवाद पाहिले, नाही असं नाही. पण बोटांवर मोजण्याइतके.

उत्तरायण:
इकडचंही फार गोडवे गाऊ नका. संगीतशाळेत काही वाद्यांसाठी लांब रांग असते. माझ्या मुलीने गिटारसाठी दीड वर्ष वाट पाहिली. एक मात्र खरं. चार पोरं मिळून बँड काढतात, लोकशिक्षण संस्थेकडे 'अभ्यासमंडळ' म्हणून नाव नोंदवतात आणि सरावाला खोली मिळते. आमच्या इमारतीजवळच्या तळघरात अशी एक आहे, भिंतींना जुने गालिचे ठोकलेत. २०२४ पासून सरकारने या संस्थांचं अनुदान कमी करायला घेतलंय, त्यामुळे ती खोली किती दिवस राहील कोण जाणे.

तंबोरा:
मूळ मुद्दा वाहून गेला म्हणून पुन्हा येतो. 'नक्कल' हा शब्द मी मागे घेतो. लेकमनचं शिरीनवालं गाणं काल रात्री तीनदा ऐकलं. ते नक्कल नाही. 'फोक' या शब्दावर मात्र मी हटणार नाही. गोन्सालेसला स्पॅनिश आणि स्वीडिशकडे यायला २०२१ उजाडलं, चौथा अल्बम. आधी का नाही आला? इंग्रजीत गायल्याशिवाय जग दार उघडत नाही म्हणूनच ना? त्या दाराबद्दल माझी तक्रार आहे, पोरांबद्दल नाही. हे पहिल्या पोस्टमध्ये नीट लिहायला हवं होतं.

निळी छत्री:
असं लिहिलं असतंत तर मी भांडलेच नसते. दाराबद्दलची तक्रार मलाही मान्य. उत्तरायण, हेलस्ट्रॉमचं एखादं गाणं ओळीनिशी अर्थ लावून पाठवा. माझ्यासाठी बांधलेलं नसलेलं काहीतरी ऐकायचंय.

उत्तरायण:
पाठवतो. २००० च्या पहिल्या अल्बमपासून सुरू करू. त्याच्या नावातच गोथेनबर्ग आहे. 'माझ्यासाठी शोक करू नकोस, गोथेनबर्ग.'

कृष्णाकाठ:
छत्रीताई, काल रात्री चुलत्याला विचारलं. म्हणाला, शिकवायला कुणाची ना नाही, आजवर कुणी पोरगी मागायलाच आली नाही. मी म्हटलं, मागू दिलंत का कधी? तर काही बोलला नाही. आज सकाळी स्वतःच पखवाजाच्या धुमाला नवी कणीक लावत बसला होता. माझी भाची आठ वर्षांची आहे. ती शेजारी बसून कणकेचा गोळा मळत होती, आणि त्याने तिला उठवलं नाही.